चाळीस किलोचं दार

माणूस खोटं बोलतो आणि काटाही खोटं बोलतो, म्हणून दोघांना एकमेकांसमोर उभं करावं आणि आपण बाजूला थांबून बघावं, असं आमच्या घरात शिकवलं जायचं. आमची लातूरला आडत. तीन पिढ्या तूर, हरभरा आणि सोयाबीन तोलण्यात गेल्या. मी सहा-सात वर्षांचा असताना वडील मला वजनकाट्यावर न्यायचे आणि सांगायचे, आकड्याकडं मागाहून बघ, आधी ड्रायव्हरकडं बघ. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसलेला असतो, रिकामी तोलताना तो हळूच उतरून बिडी पेटवतो आणि एक आख्खा माणूस तुरीच्या भावानं विकला जातो. हे कळल्यापासून मी कुणाचं पहिलं बोलणं खरं धरलेलं नाही. दूधवाला, डॉक्टर, घराला रंग देणारा, सगळे माझ्या लेखी संशयितच. बायको म्हणते, तुम्ही महादेवाच्या देवळात गेलात तरी पिंडीच्या मागं वाकून बघाल.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण ही हकीकत तिच्यासाठीच केलेल्या एका गाडीची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगतो.

लग्नाआधी चार आणि लग्नानंतर सात अशी अकरा वर्षं ती किनवटच्या पुढं, जंगलातल्या एका गावी आश्रमशाळेवर शिक्षिका होती. मी लातुरात, ती तिकडं. आमचा मुलगा तिथल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीच्या मांडीवर मोठा झाला. नंतर बदली झाली, मग निवृत्ती, आणि तीन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन. पाठीत स्क्रू बसवले. डॉक्टरांनी सांगितलं, अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही, वाकायचं नाही, आणि काही झालं तरी पाठीला दणका बसू द्यायचा नाही. तेव्हापासून तिचं जग म्हणजे घर, गच्ची आणि फिजिओथेरपीचा दवाखाना. स्वयंपाकीणबाई आता पंच्याहत्तरीच्या, डोळ्यांनी अधू. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि दर वेळी त्या एकच विचारायच्या, "बाई, कधी येऊन राहिल्या?" बायको म्हणायची, येते. फोन ठेवल्यावर पडल्या पडल्या शाळेतले जुने फोटो बघायची.

रेल्वे किनवटपर्यंत जाते, पण पुढचे अठरा किलोमीटर कोण नेणार? ॲम्ब्युलन्सचं मी सुचवून बघितलं. ती म्हणाली, मला तिथं पाहुणी म्हणून जायचंय, पेशंट म्हणून नाही. तो विषय तिथंच संपला.

मग मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी देशात लोक पिकअपच्या मागच्या हौद्यात एक छोटी खोली ठेवतात. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. नको असेल तेव्हा चार पायांवर उभी करून खालून गाडी काढून घेतात. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. पण तो व्हिडिओ मी सतरा वेळा बघितला, आणि आठवड्याभरात जळकोटच्या एका भाजीवाल्याची जुनी पिकअप आमच्या दारात उभी होती.

नांदेडला एक मिस्त्री आहे. आईस्क्रीमच्या गाड्या, मंडपवाल्यांच्या गाड्या, शववाहिका, सगळ्यांच्या बॉड्या तो बांधतो. साठीचा, कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याचा मला जास्त संशय येतो. त्यानं पिकअपला एक चक्कर मारली, खाली वाकून मागच्या स्प्रिंगचे पाटे बघितले आणि म्हणाला, भाजीवाल्यानं दोन्हीकडं एकेक पाटा वाढवलाय, तो काढावा लागंल. मी म्हटलं, का? आमच्याकडं तर लोक वजन न्यायचं म्हणून पाटे वाढवून घेतात. तो म्हणाला, "आप्पा, पाटे जादा आन् वजन कमी, म्हंजे गाडी लाथा मारती. वजन जादा आन् पाटे कमी, म्हंजे गाडी बुडावर आपटती. दोन्हीचा मार आतल्या माणसालाच."

हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच मी सावध झालो. काढलेल्या पाट्यांचं तो काय करणार, हे मला कळत होतं. मी म्हटलं, पाटे काढा, पण माझ्या ताब्यात द्या. त्यानं लगेच काढून दिले. ते दोन पाटे मी एसटीनं लातूरला आणले. कंडक्टरनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, घरचं आहे. अजूनही ते आमच्या जिन्याखाली आहेत, आणि त्यांचा उपयोग काय, हे घरात मला कुणी विचारत नाही.

वजनाचा हिशेब मिस्त्रीनं एका वाक्यात सांगितला होता. गाडीची पासिंग बाराशे किलोची. चांगल्या रस्त्याला बाराशे भरा, पण किनवटच्या पुढं जायचं तर तीन वाट्यांतले दोनच वाटे भरा, तिसरा वाटा रस्त्याचा. म्हणजे आठशे. त्यात खोली पाचशे वीसची करून देतो, म्हणाला. पाणी शंभर. गादी, बॅटरी, गॅसची शेगडी, भांडी मिळून साठ. वर बायको.

बायकोचं वजन मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, अठ्ठावन्न. मी तिला तसाच दुकानात घेऊन गेलो आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. हमाल बघत होते. अठ्ठावन्नच भरलं. ती उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "झालं समाधान?" झालं होतं.

दोन महिन्यांनी खोली तयार झाली. गाडी नांदेडहून लातूरला आणली आणि घरी न नेता थेट काट्यावर घातली. एकाच काट्यावर नाही. आधी मार्केट यार्डातला, मग एमआयडीसीतल्या डाळमिलचा, आणि तिसरा मुद्दाम निलंग्याच्या वाटेवरचा, ज्याच्यावर उसाच्या गाड्या तोलतात. रिकाम्या पिकअपचं वजन मी आधीच याच तिन्ही ठिकाणी करून ठेवलं होतं, त्यातून नंतर काढलेले दोन पाटे वजा केले होते. तिन्ही वेळा मी आत बसून, तिन्ही वेळा डिझेल निम्मं ठेवून. आकडे पाच-दहा किलोनं इकडंतिकडं झाले, पण तिन्ही काटे एका गोष्टीवर ठाम होते. खोली पाचशे वीसची नव्हती, पाचशे साठची होती. चाळीस किलो जास्त.

त्या दिवशी मला फार आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. दोन महिने मी ज्या माणसावर संशय घेत होतो, तो शेवटी सापडला होता.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जाऊन मी तिन्ही काट्यांच्या पावत्या त्याच्यासमोर टाकल्या. मला वाटलं, तो काट्याला नावं ठेवेल. त्यानं पावत्या बघितल्याही नाहीत. म्हणाला, चाळीस हाईत, दाराचे हाईत. आमच्या ठरलेल्या नकाशात खोलीचं दार मागं होतं आणि पलंगही मागंच, दाराला लागून. कारण आतली वाट दीड फुटाची, छत खाली. पाठीत स्क्रू असलेल्या बाईला वाकून, ओट्याला वळसा घालून पुढं जाता आलं नसतं. दार उघडलं की थेट पलंग, असं माझं डोकं. मिस्त्रीनं मला न विचारता पलंग पुढं, ड्रायव्हरच्या केबिनच्या भिंतीला लावला होता आणि त्याच्याशेजारी बाजूच्या भिंतीत दुसरं दार पाडलं होतं. भिंत कापली म्हणजे तिची ताकद जाते, म्हणून भोवती जाड चौकट. ती चाळीस किलोची. दाराला कड्या बसायच्या राहिल्या होत्या, तोवर आतून-बाहेरून पत्रा मारून ठेवलेला, म्हणून मला ते दिसलं नव्हतं. पलंग पुढं बघून मला वाटलं होतं की अजून हलवायचा आहे.

तो म्हणाला, "एसटीत मागच्या शीटवर कुणी बसतं का, आप्पा? वजन किती हाय ते काटा सांगतो. कुठं बसलंय ते न्हाई सांगत. बाईंना मागच्या चाकाच्या पुढं घ्या. मागं झोपवलं तर बाईंना मार, आन् पुढची चाकं हलकी. गाडी ऐकणार न्हाई तुमचं."

मी काय ऐकलं? सांगितलं एक आणि केलं एक, एवढंच ऐकलं. ज्यानं चाळीस किलो लपवले, तो आता त्यांच्यावर शास्त्र सांगत होता. शिवाय दोन्ही दारं ठेवून, पाणी आणि सामान भरून, एकूण सातशे ऐंशीच्या जवळ जात होतं आणि आठशेची हद्द त्यानंच आखून दिली होती. आठशेच्या आतच होतं म्हणा. पण आमच्यात हद्दीजवळ गेलेल्या वजनाला कुणी चांगलं म्हणत नाही, कारण हद्दीच्या पुढचं पाऊल दुसऱ्याचं असतं. मी म्हटलं, ठरलं तसं करा. चौकट काढा, भिंत बंद करा, पलंग मागं घ्या. त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच विचारलं, बाईंना विचारलं का? मी म्हटलं, बाईंच्या वतीनं मीच बोलतोय. त्यानं माझ्यासमोर चौकट कापून काढली. काढलेलं लोखंड मी तोललं. साडेएकोणचाळीस भरलं.

आता राहिली चाचणी. बायको म्हणाली, मी येते, मला झोपवूनच बघा की. मी म्हटलं, खात्री झाल्याशिवाय तुला त्यात बसवणार नाही. हे मी प्रेमानं म्हटलं होतं. ती परत तिच्या खोलीत गेली.

तिच्याऐवजी मी दुकानातून सोयाबीनचं एक पोतं घेतलं. त्यातून थोडं काढलं, थोडं घातलं, अठ्ठावन्न किलो पक्कं केलं, तोंड शिवलं आणि पलंगावर आडवं ठेवलं. टाकीत पाणी भरलं. निलंग्याच्या बाजूला एक कच्चा रस्ता आहे, उसाच्या ट्रॅक्टरांनी त्याची पार चाळण केलेली. त्या रस्त्यानं मी सहा किलोमीटर गेलो आणि आलो. पाटे कुठं बुडाला लागले नाहीत, टायर घासले नाहीत. स्टेअरिंग फार हलकं वाटत होतं, अगदी एका बोटानं फिरावं इतकं. मला ते बरं वाटलं. खाली उतरून मागचं दार उघडलं तर पोतं पलंगावरून वीतभर सरकलं होतं. ते दोरीनं बांधलं आणि पुन्हा एक फेरी मारली. या खेपेला जागचं हललं नाही. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की गाडी पास झाली.

दिवाळीनंतर एका पहाटे आम्ही निघालो. बायकोचं नवं लुगडं, स्वयंपाकीणबाईंसाठी एक उबदार शाल, शेंगदाण्याची चटणी, आणि शाळेतल्या जुन्या फोटोंचं एक पाकीट. या सगळ्याचं वजन मी केलं नाही, हे माझ्याकडून झालेलं मोठंच औदार्य होतं. निघताना ठरवलं की पुढं-मागं बोलता येणार नाही, तर त्रास झाला की तिनं मला एक मिस्ड कॉल द्यायचा. मी लगेच थांबेन. तिनं मोबाईल हातात धरला आणि मान हलवली.

नांदेडपर्यंत रस्ता चांगला. तिथं थांबून चहा घेतला. ती पडल्या पडल्या खिडकीतून बाहेर बघत होती आणि खुशीत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं कुठला तरी नवा पूल बघितला होता. किनवटपर्यंतही तिचं ठीक चाललं होतं. गावाबाहेर सागाची झाडं लागली, तसं तिनं मिस्ड कॉल देऊन मला थांबवलं आणि एक फाटा दाखवला, इथं आमची जीप एकदा बंद पडली होती आणि आम्ही सहा बाया ती ढकलत गेलो होतो, म्हणाली. मी हे ऐकलेलंच नव्हतं. इतकी वर्षं आठ-पंधरा दिवसांनी घरी येणारी ही बाई तिकडं काय काय करून येत होती, असा एक जुना संशय मला त्याही वेळी चाटून गेला.

मग ते अठरा किलोमीटर सुरू झाले. डांबर नावाला, मधे मधे नाले, पावसानं उखडलेले दगड. मी पहिल्या-दुसऱ्यावर, माणूस चालेल त्या वेगानं. स्टेअरिंग इतकं हलकं झालं की चढाला पुढची चाकं जमिनीला टेकली आहेत की नाही, याचीच शंका यावी. एकदा वळणावर मी स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच गेली आणि निवडुंगाच्या कुंपणाला घासून थांबली. मिस्त्रीचं वाक्य मला तेव्हा आठवलं. पण त्यानं स्टेअरिंगमध्येच काही केलं असेल, असा विचार मी त्या आठवणीवर टाकला आणि पुढं गेलो.

फोन वाजला नाही. मला त्याचा संशय आला. रेंज गेली असेल म्हणून मी बघितलं, रेंज होती. मी थांबलो, मागं जाऊन दार उघडलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी विचारलं, त्रास होतोय का? ती म्हणाली, "चला." आणखी पुढं जाऊन मी पुन्हा थांबलो. पुन्हा तेच, तोंड भिंतीकडं, चला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, "उन्हं कलायच्या आत पोचू."

पोचलो. स्वयंपाकीणबाई वसतिगृहाच्या ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून हात पुढं करून चालत आल्या. मी दार उघडलं. बायको उठली नाही. पाच मिनिटं, म्हणाली. पाच मिनिटं झाली, मग दहा झाली. तिला पाय हलवता येत होते, ते मी आधी बघितलं. तिच्या लुगड्याचा पदर तिच्या तोंडाजवळ गोळा झालेला होता आणि त्याच्या कोपऱ्याला दातांनी पार भोकं पडली होती. गावातल्या चार बायांनी गोधडीत धरून तिला खाली घेतलं आणि लिंबाखालच्या बाजेवर ठेवलं. स्वयंपाकीणबाई तिच्या उशाशी बसल्या आणि डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून हातांनी तिचा चेहरा बघू लागल्या. दोघी हसत होत्या आणि रडतही होत्या. किनवटहून डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, लातूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. स्क्रू जागेवर असावेत, पण महिनाभर तिथून हलवायचं नाही, म्हणाले.

ते गेल्यावर मी शाळेच्या जीपच्या ड्रायव्हरला विनंती केली की माझी गाडी समोरच्या नाल्यापर्यंत ने आणि परत आण. पाऊण किलोमीटरही नसेल. मी स्वतः मागं चढलो आणि तिच्या जागी पडलो. पहिल्याच खड्ड्यात माझं अंग पलंगावरून उचललं गेलं आणि कंबर फळीवर आपटली. दुसऱ्यात डोकं भिंतीला लागलं. चाक खड्ड्यात पडलं की मागची सगळी बाजू आधी खाली जायची आणि मग तिप्पट वर यायची. माझी पाठ धडधाकट आहे, तरी नाला यायच्या आत मी भिंतीवर मुठी मारून त्याला थांबवायला बघत होतो. पुढं त्याला काही ऐकू गेलं नाही. तिनं हे अठरा किलोमीटर सोसले होते, आणि मधे मी तीनदा दार उघडून विचारलं होतं.

परत आलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. स्वयंपाकीणबाई भाकरी टाकायला आत गेल्या होत्या. मी बाजेच्या कडेला दगडावर बसलो. मिस्त्रीला फोन केला होता, तो दोन दिवसांत वेल्डिंगचं सामान घेऊन येतो म्हणाला होता, पलंग पुढं घेऊ, दार पाडू, हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग मी विचारलं, फोन हातात होता, मिस्ड कॉल का दिला नाहीस?

तिनं पदराचा भोकं पडलेला कोपरा आत खोचला.

"दिला असता तर तुम्ही गाडी मागं फिरवली असती," ती म्हणाली. "माझ्या काळजीनंच फिरवली असती, ते कळतं मला. पण पुन्हा दोन महिने काटे, पोती, पावत्या. तोवर या स्वयंपाकीणबाई राहिल्या असत्या की नाही कुणाला ठाऊक. मला तुमचा भरवसा वाटला नाही."

आयुष्यभर मी लोकांचा भरवसा धरला नाही, पण माझाही कुणी धरत नसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फार लागलं ते. मी घाईनं म्हणणार होतो की तसं काही नाही, तू म्हणाली असतीस तर आपण हळूहळू पुढंच गेलो असतो. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या क्षणी मी स्वतःलाच विचारून बघितलं. मी गाडी फिरवली असती.